डीपकूल एजी४०० : हळदीच्या गोदामावरच्या खोलीत, एप्रिल महिन्यात

एजी४०० हा कॉम्प्युटरच्या प्रोसेसरला गार ठेवणारा कूलर. तो चांगला आहे आणि किमतीच्या मानाने फारच चांगला आहे. घाई असेल त्यांनी एवढं वाचून निघालं तरी चालेल. पण या कूलरबद्दल "बसवला आणि ३० डिग्री खाली आलं राव" असं जो तो लिहितो, त्यावर माझा विश्वास नाही. नवा कूलर बसवायचा म्हणजे जुना काढावा लागतो. त्यात धूळ झटकली जाते, प्रोसेसर आणि कूलरच्या मधली पेस्ट नवी लागते, वायरी आवरल्या जातात आणि कोणी हुशार असेल तर बायोसमध्येही (बोर्डाच्या आतल्या सेटिंगमध्ये) शिरून येतो. मग तापमान उतरलं की सगळं श्रेय नव्या डब्याला. आमच्याकडे तसं होऊ दिलं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तीच फाइल परत एक्स्पोर्ट करायची (म्हणजे तयार व्हिडिओ बाहेर काढायचा), आकडे वहीत लिहायचे आणि मगच पुढच्या गोष्टीला हात लावायचा, असं ठरवून बसलो होतो. त्यामुळे यात कूलरचा वाटा किती आणि रंगाच्या दुकानातल्या साध्या ब्रशचा किती, हे मला वेगळं काढून सांगता येतं.

मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. शूटिंगला जात नाही. तासगाव, पलूस, जत, कवठेमहांकाळकडचे फोटोग्राफर हार्ड डिस्क आणून देतात आणि मी घरी बसून कापते, जोडते, रंग बघते. घर सांगलीत, मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला. खाली सासऱ्यांचं हळदीचं गोदाम, वर आम्ही, आणि त्याच्याही वर स्लॅबखालच्या खोलीत माझं टेबल. कॉम्प्युटर असेंबल केलेला आहे आणि तो कुठल्या दुकानात नाही, घरीच जोडलाय. पुतण्या वालचंदला इंजिनिअरिंग करतो, त्याने आणि मी मिळून. इंटेलचा कोअर आय७-१२७०० प्रोसेसर, बी६६० चिपसेटचा मदरबोर्ड, ३२ जीबी रॅम, आणि पुढून काच असलेलं, तीन रंगीत पंख्यांचं कॅबिनेट. ते कॅबिनेट पुतण्याने निवडलं. मला विचाराल तर पुढून जाळी असलेलंच घ्यावं, काचेतून हवा जात नाही. पण ते दिसतं छान, आणि घरात येणारी प्रत्येक नवरी त्याच्यासमोर उभी राहून सेल्फी काढते, त्यामुळे तो विषय मी सोडून दिलाय.

१२७०० बद्दल दोन आकडे आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर आहे. या चिपची बेस पॉवर, म्हणजे साध्या वेगाची, ६५ वॅट आणि टर्बोची, म्हणजे वाढवलेल्या वेगाची, कमाल पॉवर १८० वॅट. प्रोसेसरच्या डब्यात जो छोटा गोल कूलर येतो, लॅमिनार आरएम१, तो ६५ वॅटच्या हिशेबाने दिलेला असतो. सतत ६५ वॅटवर चालवली तर त्याला ही चिप झेपते. १८० वॅटवर अर्धा-पाऊण तास चालवली तर झेपत नाही, आणि तो त्यासाठी बनवलेलाही नाही. पण १२७०० घेणारा माणूस ऑफिसची पत्रं टाइप करायला घेत नाही. ८ मोठे आणि ४ छोटे असे १२ कोअर घ्यायचे ते सगळे एकदम राबवायलाच.

थंडीत काही जाणवलं नाही. लग्नसराई सुरू झाली, ऊन चढलं आणि एक्स्पोर्टला वेळ लागायला लागला. मशीन बंद पडत नव्हतं, अडकत नव्हतं, फक्त पंखा ओरडायचा आणि काम रेंगाळायचं. हे मुद्दाम सांगते, कारण "प्रोसेसर तापला की कॉम्प्युटर बंद पडतो" असं सगळे धरून चालतात. तसं फार पुढच्या टप्प्याला होतं. त्याच्या आधी चिप स्वतःच स्वतःला आवरते. १२७०० ची मर्यादा १०० अंश सेल्सिअस. तिथे पोहोचली की ती आपला वेग आणि वीज दोन्ही कमी करते आणि १०० वर टिकून राहते. याला थ्रॉटलिंग म्हणतात. तुम्हाला पडद्यावर काही दिसत नाही. दिसतं ते एवढंच, की मागच्या महिन्यात चहा होईपर्यंत उरकणारं काम आता जेवण झालं तरी चालूच आहे.

एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते टाका. प्रत्येक कोअरचं तापमान, प्रोसेसर किती वॅट खातोय, त्याचा वेग किती गिगाहर्ट्झ आहे, थ्रॉटलिंग होतंय का, सगळं एका यादीत दिसतं. आमच्याकडे एक्स्पोर्ट सुरू केल्यावर मिनिटभरात १०० आणि थ्रॉटलिंगपुढे लाल अक्षरात 'यस'.

गणपती पेठेतल्या एका दुकानात विचारायला गेले. तिथला माणूस म्हणाला, "मॅडम, आय७ ला एवढं असतंच. लिक्विड कूलर टाका, विषय संपला." लिक्विडला, म्हणजे पंपाने द्रव फिरवणाऱ्या कूलरला, एजी४०० च्या दुप्पट-तिप्पट पैसे, म्हणून मी विचार करते म्हटलं आणि निघाले. आता मागे वळून बघता विषय संपलाही असता. खरं काय बिघडलं होतं ते मात्र कधी कळलं नसतं. शिवाय लिक्विड झालं म्हणून खोलीपेक्षा थंड होत नाही. त्याचा रेडिएटर आमच्याच खोलीतली, आमच्याच हळदीने भरलेली हवा ओढणार.

मापनाबद्दल एक गोष्ट, जी मला पुतण्याने शिकवली आणि जी मला तरी कुठल्या रिव्ह्यूत सापडली नाही. प्रोसेसर १०० वर अडकलेला असतो तेव्हा तापमानाच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही. तुम्ही कॅबिनेट साफ करा, झाकण उघडा, पेस्ट बदला, आकडा १०० च राहणार. कारण थोडी जरी सवड मिळाली की चिप लगेच जास्त वीज घेते आणि पुन्हा १०० ला जाते. लोक इथे फसतात, "एवढं करून काहीच फरक पडला नाही" म्हणतात आणि नवा कूलर मागवतात. अशा वेळी वॅट बघायचे. १०० अंशांवर टेकलेलं असताना चिप किती वॅट घेऊ शकते, यावरून कूलर किती उष्णता बाहेर काढतोय ते कळतं. आमचा सुरुवातीचा आकडा ७० वॅट. म्हणजे १८० वॅटची चिप ७० वर गळपटत होती. ज्या फाइलवर सगळ्या चाचण्या केल्या ती एका लग्नाची, नॉइज काढणं वगैरे सगळं लावलेली, हार्डवेअर एन्कोडिंग मुद्दाम बंद ठेवलेली, म्हणजे सगळा भार प्रोसेसरवरच यावा. तिला ५० मिनिटं लागत होती. प्रत्येक वेळी दुपारीच लावायची, खोली ३६ अंशांच्या आसपास असताना. रात्री मोजलं असतं तर आकडे छान आले असते आणि खोटे ठरले असते.

पहिली चाचणी सगळ्यात सोपी. कॅबिनेटची बाजूची काच काढली आणि तसंच चालवलं. ७० चे ७४ वॅट झाले. बंद कॅबिनेटमध्ये हवा कोंडतेय का, एवढं याने कळतं. आमच्याकडे कोंडत होती, पण थोडीच. मोठा गुन्हेगार दुसरीकडे होता.

मग धूळ. इथे आमच्या घराचं वैशिष्ट्य सांगावं लागेल. सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, त्याचा आम्हाला अभिमान आहे, राजापुरी हळदीचं नाव निघालं की सासऱ्यांची छाती फुगते. पण सौद्याच्या दिवसांत खाली पोती हलतात, आणि हळकुंडांची जी बारीक पिवळी भुकटी उडते ती जिन्यावरून वर येऊन माझ्या कॅबिनेटमध्ये बसते. लॅमिनार कूलरची रचना अशी आहे की पंखा वर आणि ॲल्युमिनिअमच्या पात्या त्याच्या खाली. वरून बघितलं तर पंखा काळा, स्वच्छ, फिरतोय. पंख्याखाली बॅटरी मारली तेव्हा पात्यांच्या फटी पिवळ्या थराने बुजलेल्या दिसल्या. हवा खाली जातच नव्हती, बाजूने निसटत होती.

मामांना (सासऱ्यांना आम्ही मामाच म्हणतो) वर बोलावून दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हळद हाय ती, सूनबाई. माणसाला औषध आन् मशीनला ईख व्हय?" आता यावर काय बोलणार.

हळदीची धूळ काढताना ओलं फडकं अजिबात लावू नका. ओलं लागलं की ती सुटत नाही, पसरते आणि डाग धरते. आमच्या एका पांढऱ्या केबलला तो कायमचा बसलाय. कोरडा मऊ ब्रश आणि इलेक्ट्रिक ब्लोअर पुरतो. पंखा बोटाने धरून ठेवा आणि मग ब्लोअर मारा, नाहीतर हवेच्या झोताने तो नको तितक्या वेगाने गरगरतो आणि बेअरिंग खराब होतं. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरपाशी कॅबिनेट घेऊन जाणारे लोक मी बघितलेत. त्या हवेत पाण्याचा अंश असतो, नका करू. आणि मशीन बंद, प्लग काढलेला, हे सांगायला नको.

साफसफाईनंतर, कॅबिनेट पुन्हा बंद करून, ८५ वॅट. म्हणजे एक रुपया खर्च न करता १५ वॅट परत मिळाले. ब्रशचे पैसे धरले तर थोडे.

पण ८५ सुद्धा कमीच होते, आणि ब्रश मारतानाच पुतण्याला दुसरं सापडलं. कूलर हाताने किंचित हलत होता. "काकू, ही पिन बघ, वर आलीय." लॅमिनार कूलर बोर्डावर चार प्लास्टिकच्या पिनांनी बसतो. स्क्रू नसतात. पिन दाबायची, ती बोर्डाच्या भोकातून मागे जाते आणि तिथे फाकून अडकते. चारांपैकी एक पिन अर्धवट वर आलेली होती. मधे वरच्या मजल्यावर सामान हलवलं तेव्हा धक्का बसला असेल, कधी झालं ते कळायला मार्ग नाही. एक कोपरा सैल म्हणजे कूलरचा बुडखा चिपवर सपाट टेकत नाही, एका बाजूला फट राहते आणि त्या फटीतल्या पेस्टचा थर जाड होतो. वरून सगळं जागच्या जागी दिसतं, पंखाही नीट फिरतो.

पिनांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण घरी जोडलेल्या मशीनमध्ये मला वाटतं हीच जागा सगळ्यात कच्ची असते. बसवताना समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या पिना जोडीने दाबायच्या, म्हणजे एक डावीकडची वरची आणि मग उजवीकडची खालची. शेजारशेजारच्या दाबल्या तर कूलर एका अंगाला कलतो. प्रत्येकीचा टक्क आवाज यायला हवा. आणि आवाज आला म्हणून थांबू नका, कॅबिनेटची मागची बाजू उघडून बघा. चारही भोकांतून पिनांची टोकं सारखी बाहेर आलेली दिसली पाहिजेत. मशीन एका घरातून दुसऱ्या घरात टेम्पोने नेलं असेल तर तिथे पोहोचल्यावर हे परत बघा.

कूलर काढला. जुनी पेस्ट एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला वाळून भेगाळलेली. आयसोप्रोपिल अल्कोहोल इलेक्ट्रॉनिक पार्टच्या दुकानात मिळतं, त्यात जुन्या मलमलचा तुकडा बुडवून चिप आणि बुडखा दोन्ही पुसले. नवी पेस्ट आर्क्टिक एमएक्स-४. ही वीज वाहत नाही, त्यामुळे चुकून बाजूला सांडली तरी शॉर्ट होण्याची भीती नाही. १२७०० ची चिप लांबट आहे, म्हणून मधोमध एक लांबट रेघ दिली आणि पसरायचं काम कूलरच्या दाबावर सोडलं. पेस्टवरून नेटवर जी भांडणं चालतात ती चालू द्या. चांगल्या कंपनीच्या दोन पेस्टमध्ये फार तर एक-दोन अंशांचा फरक असतो. पेस्ट बदलण्यापेक्षा पिन बसवण्याचा फायदा मोठा, आणि आमच्याकडे दोन्ही एकदमच झाल्यामुळे त्यांची वाटणी मला करता येत नाही. एवढी एकच जोडी वहीत एकत्र आहे.

आता १०० अंशांवर १०४ वॅट. एक्स्पोर्ट ४१ मिनिटांत. मूळच्याच कूलरवर, नवा काहीही न घेता, ५० मिनिटांचं काम ४१ वर आलं.

तरी तापमान १०० च. आणि इथे बायोस.

मशीन सुरू होताना डिलीटचं बटण दाबून आत गेलो. पॉवर लिमिट अशी जागा असते, पीएल१ आणि पीएल२. पीएल२ म्हणजे थोडे सेकंद किती वॅटपर्यंत उडी मारायची, पीएल१ म्हणजे त्यानंतर सतत किती वॅटवर राहायचं. इंटेलच्या हिशेबाने या चिपला ६५ आणि १८०. आमच्या बोर्डात दोन्हीपुढे ४०९६. चार हजार शहाण्णव वॅट! चार इस्त्र्या एकदम चालतील एवढे. अर्थात चिप तेवढे खात नाही, तो आकडा म्हणजे "मर्यादा नाही" हे सांगायची बोर्डवाल्यांची पद्धत. काही बोर्ड पहिल्यांदा सुरू करताना विचारतात, कूलर कोणता, डब्यातला, टॉवर की वॉटर? त्यातलं वॉटर निवडलं गेलं की दार सताड उघडं. बोर्ड बनवणाऱ्यांचा यात स्वार्थ उघड आहे, चाचण्यांच्या तक्त्यात त्यांचा बोर्ड दोन टक्के पुढे दिसतो. पण ती चाचणी थंड खोलीत, मोठ्या कूलरवर होते. सांगलीत, एप्रिलमध्ये, स्लॅबखाली नाही.

पीएल१ ६५ वर आणि पीएल२ १८० वर आणून ठेवलं. मूळच्या कूलरवर तापमान ७८. पंख्याचा ओरडा थांबला. एक्स्पोर्टला ४९ मिनिटं. हे आकडे नीट बघा. सुरुवातीला मशीन १०० अंशांवर किंचाळत ५० मिनिटं घेत होतं, आता ७८ अंशांवर निवांत ४९ मिनिटं घेतंय. ज्यांना घाई नाही, जे रात्री एक्स्पोर्ट लावून झोपतात, त्यांचं काम इथेच संपलं. त्यांनी कूलर घेऊच नये. मी घेतला, कारण मेच्या मुहूर्तांना फोटोग्राफर दारात उभा असतो आणि आठ-दहा मिनिटांना माझ्याकडे किंमत आहे.

तर आता एकदाचा एजी४००.

आमच्या सांगलीत तो दुकानात तयार नव्हता, "पुण्याहून मागवून देतो" म्हणाले, म्हणून ऑनलाइन घेतला. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: हा टॉवर कूलर आहे. खाली तांब्याच्या ६ मिलिमीटरच्या चार नळ्या थेट चिपला टेकतात, त्या वर जाऊन ॲल्युमिनिअमच्या पात्यांच्या उभ्या गठ्ठ्यात शिरतात, आणि त्या गठ्ठ्यावर बाजूने १२० मिलिमीटरचा पंखा हवा मारतो. नळ्यांत थोडा द्रव असतो, तो तापून वाफ होऊन वर जातो, गार होऊन परत खाली येतो. कसली मोटर नाही, पंप नाही. पंखा बिघडला तर दोन तारांच्या क्लिपा काढून बाजारातला कुठलाही १२० चा पंखा लावता येतो. लिक्विडपेक्षा मला हा जास्त आवडण्याचं खरं कारण हेच. लग्नसराईत पंप गेला तर पुण्याहून येईपर्यंत काय करायचं?

बसवणं पिनांपेक्षा वेगळं. बोर्डाच्या मागे पट्टी लागते, तिच्यात उभे खांब, त्यावर कंस, आणि मग टॉवर दोन स्प्रिंगच्या स्क्रूंनी आवळायचा. बहुतेक कॅबिनेटमध्ये बोर्डाच्या मागे मोकळी खिडकी असते, त्यामुळे बोर्ड बाहेर काढावा लागत नाही. आमचा नाही काढावा लागला. पंखा आधी उतरवून ठेवा, नाहीतर स्क्रूपर्यंत पेचकस पोहोचत नाही. दोन्ही स्क्रू आलटून पालटून, थोडे थोडे. एक पूर्ण आवळला आणि मग दुसरा, असं केलं तर टॉवर कलतो आणि सैल पिनेचीच कथा परत. घट्ट बसल्यावर जो भरवसा वाटतो तो प्लास्टिकच्या पिनांत कधी वाटला नव्हता. नळ्या थेट टेकणाऱ्या असल्यामुळे त्यांच्या मधे बारीक खाचा राहतात, म्हणून पेस्ट थोडी सढळ हाताने लावा.

पंख्याची दिशा सगळ्यांची चुकते म्हणून सांगते. ज्या बाजूला पंख्याच्या मधल्या मोटरला धरणारे आडवे दांडे दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. पुढून आत, मागून बाहेर. टॉवरमधून निघालेली गरम हवा थेट कॅबिनेटच्या मागच्या एक्झॉस्ट पंख्याकडे गेली पाहिजे. तिथे एक्झॉस्ट नसेल तर आधी तो बसवा.

आकडे. पीएल१ आणि पीएल२ दोन्ही १२५ वर ठेवले. तीच फाइल, तीच दुपारची वेळ, खोली ३६. तापमान ८४ वर स्थिर, एक्स्पोर्ट ३८ मिनिटं. मग हौस म्हणून पुन्हा ४०९६ करून बघितलं. १६५ वॅटच्या आसपास गेला, तापमान ९७-९८, पंखा पूर्ण वेगात, आणि वेळ ३६ मिनिटं. दोन मिनिटांसाठी ४० वॅट जादा, १४ अंश जादा आणि डोक्याला ताप. परत १२५ केलं आणि आता ते तसंच आहे. या किमतीच्या एका टॉवरकडून १२७०० ला मोकळं सोडण्याची अपेक्षा करू नये. १२५ ला तो आरामात पुरतो.

मे महिन्यात खोली ३९ झाली तेव्हा तेच काम ८७ वर चाललं. खोली तीन वर, चिप तीन वर. कुठलाही कूलर खोलीच्या वर किती अंश एवढंच ठरवू शकतो. त्यामुळे कोणी "माझं ७० असतं" म्हणालं तर आधी त्याची खोली किती आणि एसी आहे का, ते विचारा.

आवाजाचं सांगायचं तर १२५ वॅटवर पंखा मिनिटाला चौदाशे फेऱ्यांच्या आसपास राहतो. ऐकू येतो, पण बोचत नाही. मला हे महत्त्वाचं आहे, कारण हलगी आणि बँजोच्या गोंगाटाखालून मंगलाष्टकं वर काढायची असतात, आणि कान त्यावरच लावून बसावं लागतं. पूर्ण वेगाला, म्हणजे साडेअठराशेच्या आसपास, हेडफोनशिवाय काम होत नाही. बायोसमध्ये पंख्याचा आलेख जरा आळशी करून ठेवलाय, ७० अंशांपर्यंत उगाच चढउतार करत नाही.

या कूलरच्या, खरं तर सगळ्याच टॉवर कूलरच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात येत नाही. डब्यातला गोल कूलर हवा खाली, बोर्डावर मारतो. त्या हवेने प्रोसेसरच्या भोवतीचे विजेचे भाग, व्हीआरएम, आपोआप गार राहतात. टॉवर आडवी हवा मारतो, त्यांना काही मिळत नाही. स्वस्त बोर्डावर व्हीआरएमला धातूची झाकणं नसतात. अशा बोर्डावर १२५ वॅट सतत चालवायचे असतील तर एचडब्ल्यूइन्फोमध्ये व्हीआरएमचा आकडा असेल तर तोही बघत जा. आमच्या बोर्डाला झाकणं आहेत, अडचण आली नाही. रॅमलाही टॉवरची अडचण झाली नाही, पण तुमची रॅम उंच पात्यांची असेल तर मोजून बघा.

हळदीसाठी आता पुढच्या पंख्यांना बारीक जाळीचे फिल्टर लावलेत आणि कॅबिनेट जमिनीवरून टेबलावर आणलंय. टॉवरच्या पात्या मोकळ्या, डोळ्यांना दिसणाऱ्या असतात, पिवळं साचलं की लगेच कळतं आणि ब्रश सरळ फिरवता येतो. गोल कूलरमध्ये ते पंख्याखाली लपायचं. आमच्यासारख्या घरात हा फायदा तापमानाच्या फायद्याइतकाच मोठा आहे, आणि तो डब्यावर कुठे छापलेला नाही.

घेण्याआधी टेप घ्या. कूलरची उंची १५० मिलिमीटर आहे. तुमच्या कॅबिनेटच्या माहितीत सीपीयू कूलरची कमाल उंची दिलेली असते, ती १५५ च्या वर असेल तर निर्धास्त. बारक्या, सपाट कॅबिनेटमध्ये हा बसणार नाही.

आय५-१२४०० वाले बरेच जण मला विचारतात, आम्हीही नवा कूलर घ्यावा का? त्याची कमाल टर्बो पॉवरच ११७ वॅट आहे आणि रोजच्या कामात तो तिथपर्यंत जातही नाही. ब्रश, पेस्ट, चार पिना आणि बायोस एवढं करून बघा, बहुतेकांना कूलर लागणार नाही. एएमडीच्या रायझन ७००० मधल्या, नावाच्या शेवटी एक्स असलेल्या चिपा ९५ अंशांपर्यंत जाऊन तिथेच काम करायच्या हिशेबाने बनवल्यात, त्यांचा ९५ बघून घाबरून खरेदीला पळू नका. आणि १२७००के किंवा त्याच्या वरचं काही असेल, ते मोकळं चालवायचं असेल, तर एजी४०० ऐवजी दोन टॉवरवाला मोठा कूलर बघा, पैसे थोडे जास्त पडतील.